मिठाच्या खड्यातला समुद्र

दिवेलागणीला अंगणातून खेळून आलेलं पोर किरकिर करू लागलं, जेवेना, अंग कोमट लागू लागलं, की आमच्या आजीचं निदान ठरलेलं असे. ती चुलीपुढे पाट टाकायची, पोराला त्यावर बसवायची आणि मूठ भरायची. खडे मीठ, मोहरी, दोन-तीन लाल मिरच्या. ती मूठ डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरायची, ओठांत काहीतरी पुटपुटणं चाललेलं असायचं, आणि मग मूठ निखाऱ्यांवर रिकामी व्हायची. चुलीत लढाई पेटायची. तड्, तड्, तडाड्. एखादा खडा उडून थेट पाटाशी यायचा. आजी समाधानानं म्हणायची, "पाय बरं, कशी तडतडून राह्यली! लय मोठी नजर होती पोराले."

मोहरीचं तडतडणं सगळ्यांच्या ओळखीचं. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, साल फुटतं. पण मीठ का फुटावं? मीठ म्हणजे एका अर्थी दगडच. त्याला ना साल, ना गर. ते वितळायचं म्हटलं तरी ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मग निखाऱ्यावर पडल्या पडल्या ते असं गोळीसारखं का उडतं?

कारण त्याच्या आत पाणी असतं. मिठागराच्या वाफ्यात उन्हानं खारं पाणी आटू लागलं, की मिठाचा खडा घाईनं वाढतो. त्याच्या कडा पुढे धावतात, मधला भाग मागे राहतो आणि खड्याच्या अंगावर खळगे पडतात. त्या खळग्यांवर मिठाचा पुढचा थर बसला, की आतलं पाणी कोंडलं गेलं. एकेका खड्यात डोळ्यांना न दिसणारे असे असंख्य थेंब बंद होऊन बसतात. खडे मीठ काचेसारखं लख्ख न दिसता दुधट दिसतं, त्यात या थेंबांचा मोठा वाटा असतो. खडा निखाऱ्यावर पडला की आतला थेंब उकळायला बघतो, पण वाफ व्हायला जागाच नाही. दाब चढत जातो. शेवटी मिठाची भिंत फुटते.

म्हणजे आमच्या चुलीत जो फुटायचा तो समुद्र होता. कोकणातल्या किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा वाफ्यात मार्च-एप्रिलच्या उन्हात कोंडला गेलेला अरबी समुद्राचा थेंब पोत्यात बसून, डोंगर-घाट चढून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात यायचा आणि माझ्यासारख्या पोराची नजर उतरवण्यासाठी जीव द्यायचा. आजीनं समुद्र कधी पाहिला नाही. तो रोज तिच्या मुठीत मात्र होता.

हे कळल्यापासून मला एक नाद लागला आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या स्वयंपाकघरात समुद्र आणखी कुठे कुठे लपून बसला आहे, ते शोधायचा.

आधी 'इतक्या दूर' म्हणजे किती ते पाहू. नकाशावर यवतमाळपासून पश्चिमेला सरळ रेघ ओढली, तर डहाणू-वलसाडच्या बाजूचा किनारा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतो. आता आग्नेयेला आंध्रच्या किनाऱ्याकडे रेघ ओढा. तीही जवळपास तेवढीच भरते. दोन समुद्रांच्या अगदी मधोमध आम्ही. इथं पडणारं पाणी पूर्वेला जातं. पैनगंगा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वळणं घेत वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमच्या शेतातून वाहून गेलेली माती बंगालच्या उपसागराला मिळते, आणि आमच्या वरणातलं मीठ अरबी समुद्रातून येतं. पाणी एका समुद्राला द्यायचं आणि मीठ दुसऱ्याकडून घ्यायचं, असा हा जुना व्यवहार आहे.

ते मीठ रेल्वे येण्याआधी आणलं कुणी? बंजाऱ्यांनी. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या बाजूला रस्त्यानं जाताना दर काही मैलांवर त्यांच्या वस्तीचा एक तांडा लागतो. वसंतराव नाईक, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून अकरा वर्षांवर राहिलेले, याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे. बंजाऱ्यांना लमाणही म्हणतात, आणि 'लमाण' हा शब्द 'लवण' या शब्दावरून आला असं अनेक अभ्यासक मानतात. लवण म्हणजे मीठ. एका अख्ख्या समाजाच्या नावात मीठ विरघळलेलं असावं, ही कल्पना मला फार आवडते. आणि ती नुसती कल्पना नसावी असं वाटायला लावणारी एक नोंद आहे.

सतराव्या शतकात झां-बातिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात वारंवार येऊन गेला. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन आहे. वाट अडली की प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावं लागे. या वाहतूकदारांच्या चार जमाती तो सांगतो आणि प्रत्येकीचा माल ठरलेला. कुणी धान्य नेणार, कुणी तांदूळ, कुणी डाळी, आणि चौथी मीठ. मीठ नेणारे लोक गळ्यात मिठाची पिशवी अडकवत. कधी कधी ती आठ-दहा पौंडांची असे, आणि जितकी जड तितका मान मोठा. सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेच्या आधी त्या पिशवीनं ते स्वतःच्या पोटावर आघात करून घेत, पापाचं प्रायश्चित्त म्हणून. ताव्हर्नियेला यातलं किती नीट कळलं होतं, कोण जाणे. परक्या माणसाला रस्त्यात दिसलेल्या गोष्टी आहेत या. तरी गळ्यात दागिन्याच्या जागी मीठ घालणारी माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

गोणी लादलेले बैल चरत चरत जात. दिवसाला दहा किलोमीटर धरले तर किनाऱ्यापासून इथवर दोन महिने. पावसाळ्यात वाट बंद, कारण पाऊस म्हणजे मिठाचा वैरी. एवढ्या उठाठेवीनं आलेलं मीठ सांडलं तर कसं चालेल? लहानपणी मीठ सांडलं की घरातल्या बाया धाक घालत, पुढल्या जन्मी पापण्यांनी वेचावं लागेल म्हणून. तेव्हा मी पापण्यांनी खडा उचलून पाहायचा प्रयत्नही केला होता. तो धाक आज मला हिशोबासारखा वाटतो. तांड्याच्या दोन महिन्यांच्या चालीचा हिशोब.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला आणि बैलांच्या तांड्यांचं काम हळूहळू संपलं. ज्यांनी शतकानुशतकं घराघरांत मीठ पोचवलं, त्यांना पुढे काही प्रांतांत १८७१ च्या कायद्याखाली 'गुन्हेगार जमाती'च्या यादीत टाकलं गेलं. मिठाला जागणं म्हणतात ते हे नव्हे. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांच्या कशिद्याच्या कापडावर मात्र अजून कवड्या शिवलेल्या दिसतात. कवडी हीसुद्धा समुद्राचीच. उथळ उष्ण समुद्रातल्या गोगलगायीचं ते कवच. पैनगंगेच्या पलीकडे, माहूरच्या रेणुकेच्या वाटेवर, भुत्यांच्या गळ्यातल्या माळांत ती पुन्हा भेटते.

भाषेतही मीठ असंच पसरलेलं आहे. लोणचं लवणातलं. अळणी म्हणजे अ-लवण. बुलडाण्याचं लोणार हेही लवणाचंच गाव. उल्का पडून झालेलं तिथलं विवर आणि त्यातलं खारं पाणी समजावून सांगायला लोकांनी लवणासुर नावाचा राक्षस उभा केला आणि विष्णूकरवी त्याला मारला. भूशास्त्रज्ञांना तिथं उल्का पडल्याचे पुरावे मिळाले ते फार पुढे. आकाशातून काहीतरी भयंकर येऊन जमीन फाटली, एवढं राक्षसाच्या गोष्टीलाही ठाऊक होतं असं म्हणायचा मोह होतो, पण तो मी आवरतो.

यवतमाळच्या इतिहासात मिठाची सगळ्यात गमतीची गोष्ट घडली ती मीठ नसल्यामुळे. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं आणि देशभर मिठाचा कायदा मोडायची लाट आली. किनाऱ्यावरच्या लोकांना सोपं होतं. वऱ्हाडानं काय करायचं? अकोला जिल्ह्यातल्या दहिहंड्यात वाट सापडली. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. तिथल्या गाळात साठलेल्या क्षारांमुळे विहिरींचं पाणीच खारट. सत्याग्रह्यांनी तेच आटवून मीठ काढलं. पण यवतमाळकडे खाऱ्या विहिरीही नव्हत्या. मोडायला कायदा होता, हातात वस्तू नव्हती.

मग वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी वस्तू बदलली. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून त्यांनी गवत कापलं. परवान्याशिवाय सरकारी जंगलातलं गवत कापणं हा गुन्हा होता आणि घरोघरी बैल असलेल्या या मुलखात तो कायदा मिठाच्या कायद्याइतकाच घराच्या आत पोचलेला होता. अण्यांना अटक झाली, सत्याग्रह मात्र पसरत गेला. त्याच महिन्यात यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनीही जंगलाचा कायदा मोडला. जंगल सत्याग्रहाचा हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. मला त्यात दिसतो तो बैल. एके काळी मीठ पाठीवर घेऊन येणारा तोच, आणि मीठ नाही म्हणून ज्याच्या चाऱ्यासाठी कायदा मोडला तोही तोच.

आता थोडं खाली उतरू. जमिनीच्या खाली. कारण मीठ हा समुद्राचा ताजा पाहुणा झाला. एक फार जुना समुद्र या जिल्ह्यात कायमचा राहायला आहे, आणि तोही स्वयंपाकघरात येऊन बसतो.

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, ते झिजून काळी माती झाली आणि त्या मातीत कापूस, तूर, ज्वारी आली. पांढरकवडा-वणीच्या बाजूला शिबला-पार्डी इथं तर लाव्हा थंड होताना कोरून काढल्यासारखे सहा-सहा कोनांचे खांब तयार झाले आहेत. पण वणीकडे सरकलं की काळ्या दगडाची ही गोधडी विरत जाते आणि तिच्याखालचं जुनं अंथरूण दिसू लागतं. आधी कोळसा, दलदलीच्या जंगलांचा. आणि त्याहून किती तरी जुना चुनखडीचा दगड. भूशास्त्रज्ञ त्या थरांना 'पैनगंगा समूह' म्हणतात आणि त्यांचं वय शंभर कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहून जास्त मानतात. ही चुनखडी समुद्राच्या तळाशी साचलेली आहे.

म्हणजे वणीला समुद्र होता. तो कसला समुद्र, याची कल्पना करू गेलं की डोकं गरगरतं. त्यात मासा नव्हता, कारण मासे पन्नासेक कोटी वर्षांपेक्षा जुने नाहीत. शिंपला नव्हता, खेकडा नव्हता. काठावर गवताची काडी नव्हती, झाड नव्हतं, पक्षी नव्हता. उघडा खडक आणि पाणी. पाण्यात सूक्ष्म जिवांची बुळबुळीत साय, आणि विरघळलेला चुना कणाकणानं तळाशी बसत चाललेला. कोटी कोटी वर्षं हेच.

त्या तळाचा दगड काढून वणीजवळच्या राजूरला भट्ट्यांत भाजतात. मुकुटबनला त्याचं सिमेंट होतं. भाजण्याचं गणित सोपं आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास तापवली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि छप्पन किलो कळीचा चुना उरतो. शंभर कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात विरघळलेला वायू त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा होतो. कळीवर पाणी टाकलं की ती फणफणते, उकळते, फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. दिवाळीआधी आमच्या घरी हे पिंपात व्हायचं आणि पोरांना दूर हाकललं जायचं. मग ओसरीच्या भिंतींना चुना लागायचा. पुढे महिनोनमहिने ती भिंत गुपचूप हवेतला कार्बन डायऑक्साइड परत पीत राहते आणि तिच्यावरचा चुना पुन्हा चुनखडी होतो. ज्या भिंतीला टेकून आम्ही जेवायचो तिच्यावर वणीच्या समुद्राचा तळ पुन्हा घट्ट होत होता, आणि आम्ही त्याला पाठीनं पुसून कपडे पांढरे करत होतो.

स्वयंपाकघरात चुना थोडा थोडाच येतो. आजीच्या पानाच्या डब्यात. आजोबांच्या तळहातावर तंबाखूसोबत, नखाएवढा. कोहळ्याच्या फोडींना कुरकुरीतपणा यावा म्हणून चुन्याची निवळी, म्हणजे चुना तळाशी बसल्यावरचं वरचं नितळ पाणी. त्यातलं कॅल्शियम फोडींच्या पेशींना जोडून धरणाऱ्या पेक्टिनला आवळून बांधतं आणि फोड पाकात उकळली तरी लगदा होत नाही. आणि मुका मार लागला की हळद-चुना. पिवळी पूड आणि पांढरा चुना कालवला की लाल लेप होतो, हे पाहायला मिळावं म्हणून मी एकदा खोटं खोटं पडलो होतो. हळदीतला पिवळा रंग अल्कली भेटताच आपलं रूप बदलतो, हे त्यामागचं कारण. साबणानं धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग लालसर होतो तेव्हाही हेच घडत असतं.

समुद्राचे बाकीचे पाहुणे आठवडी बाजारात भेटतात. खोबऱ्याची वाटी किनाऱ्यावरून येते. यवतमाळच्या झणझणीत रश्श्याला ओलं खोबरं चालत नाही. निखाऱ्यावर काळपट होईतो भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, खसखस, आणि वरून सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईचा पाहुणा भाजीबाजारात सांबार शोधायला आला की त्याला आम्ही हिरवी जुडी दाखवतो आणि त्याचा चेहरा पाहत राहतो. बाजाराच्या एका टोकाला, वासाच्या अंतरावर, सुकट-बोंबिलाची दुकानं. ताज्या बोंबिलात शेकडा पंचाऐंशीच्या वर पाणीच असतं. किनाऱ्याचं ऊन ते काढून घेतं तेव्हा कुठे त्याची काडी होऊन साडेपाचशे किलोमीटर प्रवास करण्याच्या लायकीची होते. इथं ती वांग्यात पडते. सुकट-वांगं, सोबत ज्वारीची भाकर. पैनगंगेची आणि धरणांची ताजी मासळीही मिळते, मरळ, वाम, झिंगे. पण सुकटीच्या वासाची गल्ली टाळून जाणाऱ्याला मी यवतमाळचा जाणकार मानत नाही.

इथवर आलो आणि मला एक गोष्ट खटकू लागली. किनाऱ्यावरून काय काय आलं याचीच यादी मी करत होतो. किनाऱ्याकडे जे आहे आणि आमच्याकडे येऊच शकत नाही, त्याचं आजीनं काय केलं होतं?

आंबटपणाच घ्या. कोकणात आमसूल आहे. पण त्याच्या झाडाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस लागतो, आणि यवतमाळला वर्षाकाठी नऊशेच्या आसपास. इथला आंबटपणा म्हणून कापसाच्या, ज्वारीच्या शेताच्या धुऱ्यावर उभा असतो. त्याचं नाव अंबाडी. पुरुषभर उंच, लालसर देठांचं, पंजासारख्या पानांचं झाड. पान चावलं की जबडे आवळतात. कोवळा पाला शिजवायचा, आंबट पाणी थोडं पिळून टाकायचं, त्यात ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घोटायची, आणि वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी, सढळ हातानं. अंबाडीची भाजी तेलाशिवाय रुसते. आजी म्हणायची, "तेल पाहूनच थे गोड होते."

आता याच झाडाचं दुसरं रूप. पाला खाऊन झाला, फुलं येऊन गेली, की देठ कापून नाल्याच्या डोहात दगडांखाली दाबून ठेवायचे. पंधरा-वीस दिवसांत पाण्यातले जिवाणू सालीतला गोंद खाऊन टाकतात आणि तंतू सुटे होतात. त्या वाखाचे दोर, कासरे, चऱ्हाटं वळायची. बैलाच्या नाकातली वेसण आणि ताटातली भाजी एकाच झाडाची! लाल अंबाडीच्या बोंडांभोवतीच्या मांसल आवरणाचं सरबत होतं, बियांतून तेल निघतं. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत गेलात की हेच झाड 'गोंगुरा' होतं, आणि तिथून थेट आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत त्याचं राज्य आहे. आमच्या धुऱ्यावरचं बिनमोल झाड तिकडे जावयाच्या ताटात मानाची चटणी म्हणून बसतं. झरी-जामणीच्या बाजूला तेलुगू बोलणाऱ्या घरांत दोन्ही तऱ्हा खायला मिळतात, आणि दोघींत श्रेष्ठ कोणती यावर मी तिथं तोंड उघडत नाही.

दुसरी गोष्ट ऊन. कोकण उन्हात मासे वाळवतं, यवतमाळ उन्हात अख्खं वर्ष वाळवतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. बाहेरचा माणूस त्याला संकट म्हणतो. इथल्या बाया त्याला भट्टी समजून कामाला लावतात. कुरडया, मुगवड्या, सांडगे, दही-मीठ भरलेल्या मिरच्या, आणि सगळ्यात देखणे सरगुंडे. गव्हाचं घट्ट पीठ मळायचं, त्याची बारीक वळी करायची आणि ती एका काडीवर वेढे देत गुंडाळायची. तळव्यानं हलकं फिरवून काडी अलगद ओढून घ्यायची. उरते ती पोकळ, पीळदार नळी. खाटेवर, धोतराच्या कापडावर वाळवून डब्यात भरायची आणि पाव्हणे आले की उकडून आमरसात. इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रियात बाया लोखंडी सळईवर पीठ गुंडाळून अगदी असाच पास्ता करतात. कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही. पीठ जाड असेल तर आतून कच्चं राहतं आणि वाळताना तडकतं. पोकळ केलं की वारा आतूनही फिरतो, पाणी आतूनही शिरतं. दोन्हीकडच्या बायांच्या बोटांना हे कळलेलं होतं. एका बैठकीत माझी मावशी शंभरावर सरगुंडे वळायची, बोलणं न थांबवता. मी वळलेला एकमेव सरगुंडा काडीसकट वाळला.

आणि हे सगळं टिकतं ते शेवटी मिठावरच. लोणच्यात आजी खडे मीठच घालायची. बारीक मिठानं लोणचं बिघडतं, हे तिचं ठाम मत होतं. मीठ कैरीतलं पाणी ओढून बाहेर काढतं, जिवाणूंच्याही अंगातलं पाणी ओढतं, आणि ते बिचारे सुकून मरतात. 

गेल्या वर्षी यवतमाळ शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाचीचं पोर दोन दिवस कुरकुरत होतं. डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं, दात येत होते, बाकी काही नव्हतं. तरी संध्याकाळी आईला राहवेना. चूल नाही, निखारे नाहीत. तिनं पाकिटातलं बारीक मीठ मुठीत घेऊन मोहरीसोबत उतरवलं आणि गॅसच्या शेगडीवर तव्यात टाकलं. मोहरी उडाली. मीठ गप्प. थोडं तव्याच्या कडेवरून सांडलं तेव्हा निळी ज्योत क्षणभर पिवळी झाली, मिठातल्या सोडियमचा रंग, आणि पुन्हा निळी. कारखान्यातलं मीठ बारीक कणांचं असतं, त्यात कोंडून बसायला थेंबाला जागा फारशी नसते. हे मी आईला सांगायला गेलो.

ती ऐकत नव्हती. माळ्यावरून लोणच्यासाठी ठेवलेल्या खड्या मिठाची बरणी तिनं काढायला लावली होती. चार खडे तव्यावर पडले. काही क्षण काहीच झालं नाही. मग एक खडा असा उडाला की पोर रडायचं थांबून तव्याकडे बघू लागलं.

"पाय," आई म्हणाली, "होतीच नजर."